बाहुली एकाला, लक्षात दुसराच

ऑस्करचा सोहळा तिकडे रविवारी संध्याकाळी असतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट. २०२५चा ९७वा सोहळा ३ मार्चला पहाटे साडेपाचला सुरू झाला. सूत्रसंचालक कोनन ओब्रायन मध्येच भारतीय प्रेक्षकांसाठी हिंदीत बोलला. तुम्ही आत्ता नाश्ता करता करता ऑस्कर बघत असाल, असा त्याचा एकंदर सूर. पहाटे साडेपाचला नाश्ता करणारं घर निदान आमच्या सोसायटीत तरी नाही. तेव्हा दूधवालाही आलेला नसतो. मी मात्र जागा होतो. कारण आयुष्यात पहिल्यांदाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतले दहाच्या दहा सिनेमे पाहून मी या परीक्षेला बसलो होतो.

मी सिनेमाचा जाणकार नाही. फिल्म सोसायटीचा सभासद नाही, महोत्सवात गळ्यात पास अडकवून फिरत नाही. बँकेतली नोकरी, शनिवारी रात्री जमलं तर सिनेमा आणि रविवारी जेवताना त्यावर वाद, एवढाच माझा व्यासंग. नामांकनं जाहीर झाल्यावर मुलीने यादी छापून फ्रिजवर लावली आणि पाहिलेल्या सिनेमावर बरोबरची खूण करायचं ठरलं. काही मल्टिप्लेक्समध्ये पाहिले, काही ओटीटीवर. एक-दोन तर दोन हप्त्यांत, कारण सकाळी ऑफिस होतं.

माझी कसोटी साधी आहे. सिनेमा पाहून चार दिवस उलटले की त्यातलं काय आठवतं? गोष्ट बहुतेक वेळा पुसट झालेली असते. एखादा चेहरा तेवढा उरतो. त्या वर्षी उरलेल्या चेहऱ्यांची मनाशी उजळणी केली, तर ते जवळपास सगळे न बोलणाऱ्या माणसांचे निघाले. आणि त्या पहाटे अभिनयाच्या चारही बाहुल्या बोलणाऱ्यांच्या हातात गेल्या. ‘अनोरा’तली मायकी मॅडिसन घसा फुटेस्तोवर भांडते. ‘द ब्रुटलिस्ट’मधला एड्रियन ब्रॉडी रडतो, ओरडतो, कोसळतो. ‘अ रिअल पेन’मधला कीरन कल्किन तोंडाला कुलूप म्हणून लावत नाही आणि ‘एमिलिया पेरेझ’मधली झोई साल्डाना तर मेजवानीच्या टेबलांवर चढून गाते. चौघांचंही काम चांगलं आहे, तक्रार तशी नाही. पण यादीत गप्प बसणारेही होते. यूरा बोरिसोव्ह, इझाबेला रोझेलिनी, फर्नांडा टोरेस. तिघंही नामांकनावर थांबले.

सुरुवात ‘अनोरा’पासूनच करावी लागेल, कारण रात्र त्याचीच होती. पाच बाहुल्या. त्यातल्या चार एकट्या शॉन बेकरच्या, निर्मिती, दिग्दर्शन, पटकथा आणि संकलनासाठी. वॉल्ट डिस्नेने १९५४ मध्ये एका रात्रीत चार नेल्या होत्या, पण त्या वेगवेगळ्या चित्रपटांच्या. एकाच चित्रपटासाठी चार नेणारा बेकर पहिला. खर्च सुमारे ६० लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चिल्लर. हाच माणूस त्याच्या दहा वर्षं आधी आयफोनवर ‘टँजरिन’ हा आख्खा चित्रपट चित्रित करून बसला होता.

गोष्ट ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या, एका क्लबात नाचणाऱ्या अ‍ॅनीची. रशियन धनदांडग्याचं दिवटं चिरंजीव तिच्याशी लास व्हेगासला लग्न करतं, आई-बापांना कळतं आणि ते मोडायला माणसं येतात. त्यानंतरचा हवेलीतला प्रसंग जवळपास अर्धा तास चालतो. पोरगा पळून जातो. मागे राहतात अ‍ॅनी, आर्मेनियन वंशाचे दोन मध्यस्थ आणि इगॉर नावाचा एक भाडोत्री दांडगा. फोडाफोडी, चावे, शिव्या. मल्टिप्लेक्समध्ये लोक खदखदून हसत होते आणि मीही. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की या गोंधळात एक माणूस फक्त बघतोय. तिला आवरायला आणलेला इगॉरच तिच्याकडे माणूस म्हणून बघणारा एकटा आहे. बोरिसोव्हला संवाद मोजकेच. तो मागे उभा असतो, कधी चौकटीच्या कडेला अर्धाच दिसतो. पण दुसऱ्यांदा पाहताना मी अ‍ॅनीऐवजी त्याच्यावरच नजर ठेवली, तेव्हा सिनेमा निराळाच दिसला. थंडीत तिला मफलर देतानाचा त्याचा तो अवघडलेपणा बघा. तो मफलर आधी तिच्या तोंडात कोंबायला वापरलेला असतो, हे दोघांनाही ठाऊक आहे.

शेवट सांगत नाही. एवढंच, की बाहेर बर्फ पडतोय, गाडी उभी आहे, काचेवरचे वायपर फिरतायत आणि दोन तास बडबडणारी मुलगी बोलायची थांबते. श्रेयनामावलीला संगीतही नाही. आमच्या खेळाला लोक उठून उभे राहिले होते, पण दाराकडे लगेच कुणी गेलं नाही. मायकी मॅडिसनला बाहुली मिळाली ती या शेवटच्या मिनिटासाठी असेल, तर माझं काहीही म्हणणं नाही. डेमी मूर हरली याचं आमच्या मुलीला मात्र अजून दुःख आहे.

आणि ते रास्त आहे. तिचा ‘द सब्स्टन्स’ हा माझ्या पोटाला झेपणारा सिनेमा नाही. उत्तरार्धात मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतो. डेनिस क्वेडचं कोळंबी खाणं एवढ्या जवळून दाखवलंय, की कोकणात मूळ असूनही पुढचा आठवडाभर मी कोळंबीला शिवलो नाही. पण एक प्रसंग आहे. उतरणीला लागलेली नटी जुन्या वर्गमित्राला भेटायला निघते. आरशासमोर तयार होते, दारापर्यंत जाते, परत येते. लिपस्टिक बदलते, परत निघते, परत येते. शेवटी तळहाताने सगळा रंग तोंडावर फासते आणि जागीच बसते. तोंडातून शब्द नाही. लग्नाकार्याला निघताना आरशापुढे असं घुटमळणारी बाई ज्याने पाहिली नाही, त्याने घरात नीट पाहिलेलंच नाही. मिळाली ती रंगभूषेची बाहुली, आणि तीही बहुधा शेवटच्या रक्तमांसाच्या चिखलाकडे बघून.

‘द ब्रुटलिस्ट’. लांबी ३ तास ३५ मिनिटं, पैकी १५ मिनिटं दिग्दर्शकानेच आखून दिलेलं मध्यंतर. पडद्यावर लग्नाचा जुना फोटो आणि उलटे सरकणारे आकडे. अमेरिकेत या मध्यंतराचं केवढं कौतुक झालं! आपल्याकडे दीड तासाच्या इंग्रजी सिनेमालाही समोशासाठी कुठेही कापतात. इथे दिग्दर्शक स्वतः उठा म्हणाला, तर लोकांना तेच नवल. चित्रणासाठी व्हिस्टाव्हिजन वापरलं. यात ३५ मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून आडवी जाते, त्यामुळे प्रत्येक चौकट मोठी मिळते. पन्नाशीच्या दशकातलं हे तंत्र अडगळीत पडलं होतं. एवढा ऐसपैस दिसणारा सिनेमा ब्रेडी कॉर्बेटने एक कोटी डॉलरच्या आत बनवला, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पूर्वार्ध अप्रतिम आहे. बोटीच्या पोटातल्या अंधारातून वर येताना स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उलटा दिसतो, तिथेच सिनेमाने आपलं म्हणणं मांडून टाकलंय. छळछावणीतून वाचलेला लास्लो टोथ हा हंगेरियन ज्यू वास्तुविशारद पेनसिल्व्हेनियात येतो आणि एका धनिकाची अभ्यासिका बदलून टाकतो. फळ्या एकाच वेळी उघडतात, मधोमध एकटी खुर्ची, वरून उजेड. चांगल्या कारागिराचं काम पूर्ण होताना पाहण्यात जो आनंद असतो, तो पुरेपूर आहे. उत्तरार्ध मला जड गेला. धनिक कलावंताला ओरबाडतो हे आपल्याला समजलेलं असतं, तरी तेच अक्षरशः करून दाखवायची दिग्दर्शकाला घाई झाली.

ब्रॉडीचं सगळं काम मोठ्या सुरात आहे. पण माझ्याबरोबर घरी आली ती त्याची भाची, झोफिया. युद्धात वाचा गेलेली मुलगी, जेवणाच्या टेबलावर खाली मान घालून बसलेली, आणि धनिकाचा मुलगा तिच्याकडे ज्या नजरेने बघतो ती नजर. पुढे तिला वाचा येते. शेवटी १९८०च्या व्हेनिसमध्ये लास्लोच्या कामाचा गौरव होतो, तेव्हा भाषण तीच करते. तो चाकाच्या खुर्चीत मुका बसलेला. त्याच्या इमारतींचा अर्थ ती परस्पर सांगून टाकते आणि तो खरा की खोटा, हे विचारायला सोय नाही. साडेतीन तासांनंतर कॉर्बेटने केलेली ही खोडी मला फार आवडली. प्रत्यक्ष सोहळ्यात काय झालं? ब्रॉडी तोंडातला च्युइंग गम काढून खाली उभ्या असलेल्या जोडीदाराकडे फेकतो, मंचावर चढतो, संगीत सुरू झालं तर ‘बंद करा’ म्हणून सांगतो आणि साडेपाच मिनिटांहून जास्त बोलतो. ऑस्करच्या इतिहासातलं सर्वांत लांब भाषण. मधल्या काळात आमच्याकडे चहा होऊन पिऊनही झाला.

आता माझ्या मते यादीतला सर्वांत चांगला सिनेमा. वॉल्टर सालेसचा ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’. काळ १९७१चा, गाव रिओ. समुद्राजवळचं घर, पाच मुलं, वाळूने भरलेले पाय, रेकॉर्ड प्लेअर, येणारी-जाणारी माणसं. पहिला अर्धा-पाऊण तास काही म्हणजे काही घडत नाही, आणि तेच बरं वाटतं. मग साध्या कपड्यातली माणसं येऊन माजी खासदार रुबेन्स पाइवा यांना चौकशीसाठी घेऊन जातात. ते परत येत नाहीत. ही गोष्ट खरी आहे. मुलगा मार्सेलो याने लिहिलेल्या पुस्तकावर सिनेमा बेतलाय.

लष्करी राजवटीवरचे सिनेमे आपण पाहिलेले असतात. छळ, किंकाळ्या, अंधाऱ्या कोठड्या. इथे कोठडी आहे. बायको युनिसला स्वतःला १२ दिवस डांबतात. किंकाळ्या भिंतीपलीकडून येतात. पण सालेसचा कॅमेरा परत घरी येतो, आणि युनिसबरोबर आपणही. ती अंघोळ करते, अंग घासघासून. माणसं पाळतीवर असतात, त्यांना जेवायचं विचारते. बँकेत नवऱ्याच्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत, आणि नवरा मेला असं सरकार म्हणायला तयार नाही. काउंटरच्या माझ्या बाजूला बसणाऱ्या माणसाला हा प्रसंग जरा जास्तच लागतो. आइस्क्रीमच्या दुकानात मुलांना घेऊन बसलेली असताना ती आजूबाजूच्या टेबलांवरची कुटुंबं बघते. फर्नांडा टोरेस इथे काही ‘करत’ नाही. नजर फक्त एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते. आणि तो मासिकासाठी फोटो काढण्याचा प्रसंग. संपादकांना दुःखी चेहरे हवेत, असं छायाचित्रकार सांगतो. ती मुलांना म्हणते, हसा. सगळे हसतात. हसणं हा विरोध असू शकतो, हे मी भाषणांतून बरेचदा ऐकलं होतं; प्रत्यक्ष पाहिलं इथे.

मृत्यूचा दाखला मिळायला १९९६ उजाडलं. युनिस तोवर कायदा शिकून वकील झाली होती. या दाखल्यात दुरुस्ती होऊन, हा मृत्यू नैसर्गिक नव्हता, हिंसक होता आणि तो राज्यसंस्थेने घडवला, अशी नोंद झाली ती २०२५च्या जानेवारीत, म्हणजे सिनेमाची नामांकनं आली त्याच महिन्यात. ब्राझीलला पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय चित्रपटाची बाहुली मिळाली. तिकडे तेव्हा कार्निव्हल चालू होता. म्हातारपणची, स्मृती हरवलेली युनिस साकारलीय टोरेसच्या आईने, फर्नांडा मोन्टेनेग्रो यांनी. सालेसच्याच ‘सेंट्रल स्टेशन’साठी १९९९ मध्ये त्यांना नामांकन होतं आणि त्याही हरल्या होत्या. सिनेमात त्यांना एकही वाक्य नाही. टीव्हीवर नवऱ्याचा फोटो येतो आणि डोळ्यांत काहीतरी हलतं, बस.

आमच्या आईचा सिनेमा मात्र ‘कॉन्क्लेव्ह’. पोपच्या निवडणुकीशी तिचा काय संबंध, असं मला वाटलं होतं. पण हा तर हाउसिंग सोसायटीच्या निवडणुकीचा सिनेमा, फक्त लाल झग्यातला. कोण कुणाला फोडतोय, कुणाचं जुनं प्रकरण कुणी बाहेर काढलं, ‘मला पदाची अजिबात हाव नाही’ म्हणणाऱ्याने मनात नाव काय ठरवून ठेवलंय. एडवर्ड बर्गरने हे सगळं रहस्यकथेच्या वेगाने सांगितलंय, आणि राल्फ फाइन्सच्या कपाळावरच्या आठ्या हाच त्यातला अर्धा संवाद. इझाबेला रोझेलिनीची सिस्टर अ‍ॅग्नेस पडद्यावर आठ मिनिटांच्याही आत. जोडे वाजवत येते, झेरॉक्स काढते, पुरुषांना खायला वाढते. एका प्रसंगात तोंड उघडते, मोजून दोन-तीन वाक्यं बोलते आणि किंचित गुडघे वाकवून निघून जाते. आईने तिथे टाळी वाजवली. शेवटचा उलगडा मला जुळवून आणलेला वाटला, पण घरात तो मुद्दा मांडायची सोय नाही.

सोहळ्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, २१ एप्रिलला, पोप फ्रान्सिस गेले आणि जगभर लोक हा सिनेमा परत बघायला लागले. मे महिन्यात खऱ्या निवडणुकीला १३३ कार्डिनल बसले. त्यांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव होते. मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस नव्हते, कारण मतदानाला ८० वर्षांची मर्यादा आहे आणि ती त्यांनी डिसेंबरातच ओलांडली होती. दुसऱ्याच दिवशी पांढरा धूर निघाला. आईच्या मते खऱ्या निवडणुकीत सिनेमाएवढी मजा नव्हती.

बाकीचे झटपट. ‘विकेड’ अडीच तासांहून लांब आणि तरीही अर्धाच; कपडे मात्र बघत राहावे असे. ते केले पॉल टेझवेल यांनी, वेशभूषेची बाहुली मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय पुरुष. ही बाहुली भारतात पहिल्यांदा आणणाऱ्या भानू अथैय्या कोल्हापूरच्या. ‘गांधी’साठी १९८३ मध्ये मिळालेली ती बाहुली त्यांनी २०१२ मध्ये नीट जतन व्हावी म्हणून अकादमीकडेच परत सोपवली. ‘ड्यून : पार्ट टू’ मोठ्या पडद्यावर बघावा आणि कथा विचारू नये. ‘अ कम्प्लीट अननोन’मध्ये टिमथी शालमे बॉब डिलनसारखा गातो, नाकातून बोलतो, सगळं बरोबर करतो, पण मला आठवतो तो रुग्णालयातला वाचा गेलेला वुडी गथ्री, गाणं ऐकताना पलंगालगतच्या कपाटावर मूठ आपटणारा. आठ नामांकनं, बाहुली शून्य. ‘निकल बॉइज’ बहुतांशी दोन मुलांच्या डोळ्यांतून दिसतो. आजी मिठी मारते ती थेट कॅमेऱ्याला, म्हणजे आपल्याला. सुरुवातीला गरगरतं, पण धीर धरा. ‘एमिलिया पेरेझ’ला १३ नामांकनं होती, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या सिनेमासाठी हा विक्रम. मेक्सिकोची गोष्ट, चित्रित झाली फ्रान्समध्ये, आणि मेक्सिकोतले लोक त्यावर का चिडले, हे मेक्सिको न पाहिलेल्या मलाही कळलं. हातात पडल्या दोनच बाहुल्या.

यादीबाहेरचा एक सांगायलाच हवा. लॅटव्हियाचा ‘फ्लो’, पुरात सापडलेल्या मांजराची गोष्ट. एकही संवाद नाही. ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवलेला हा सिनेमा अ‍ॅनिमेशनची बाहुली घेऊन गेला. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचेच. कॅपीबाराचा स्वतःचा आवाज शोभेना म्हणून उंटाच्या पिल्लाचा घेतला.

आणि आपलं काय? भारताने पाठवला किरण राव यांचा ‘लापता लेडीज’. तो पहिल्या पंधरांतही आला नाही. लघुपटांत दिल्लीत घडणारा ‘अनुजा’ तेवढा नामांकनापर्यंत पोहोचला. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ कानमध्ये ग्राँ प्री घेऊन आला होता. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी गेला होता. आपल्या निवड समितीत सगळे पुरुष. त्यांना तो भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटला, असं फिल्म फेडरेशनच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं. सहनिर्मिती फ्रान्सची होती म्हणून फ्रान्सने त्याचा विचार केला आणि शेवटी पाठवला ‘एमिलिया पेरेझ’. एका देशाला एकच सिनेमा पाठवता येतो. दोन्ही दारं बंद.

गंमत म्हणजे दोन्ही सिनेमांत आपली छाया कदम आहे. ‘लापता लेडीज’मध्ये फलाटावर चहा-पकोडे विकणारी मंजू माई, ठणकावून बोलणारी, तिची वाक्यं घराघरांत गेली. ‘ऑल वी इमॅजिन’मध्ये मुंबईतल्या इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती. नवरा गेलाय, खोलीचे कागद नाहीत, बिल्डर बाहेर काढतोय. रात्री ती आणि तिथली नर्स प्रभा बिल्डरच्या झगझगीत होर्डिंगवर दगड मारतात आणि पळतात, शाळेतल्या पोरींसारख्या. मग ती मुकाट रत्नागिरीकडच्या गावी निघून जाते. हा युरोपीय सिनेमा म्हणे! परळ-लालबागच्या खोल्यांतली अशी किती माणसं एसटीत बसून परत गेली, ते समितीला कुणी विचारायला हवं होतं. याच सिनेमात प्रभाला एक लाल राइस कुकर मिळतो, बहुधा जर्मनीतल्या, वर्षभर फोनही न केलेल्या नवऱ्याकडून आलेला. रात्री स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ती त्याला मिठी मारते. प्रभा झालेल्या कनी कुश्रुतीचा तो प्रसंग यादीतल्या दहा सिनेमांतल्या कुठल्याही प्रसंगाशेजारी ठेवावा.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाची मतमोजणी अकादमी वेगळ्या रीतीने करते. सभासदांनी दहाही सिनेमे पसंतीक्रमाने लावायचे. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली मतं नसतील, तर तळाचा सिनेमा बाद आणि त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या नावाला. सोहळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मेहुणा जेवायला होता, तेव्हा आम्ही पाच जणांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर हेच केलं. माझं आणि बायकोचं पहिलं मत ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ला. आईचं आणि, पुढे डेमी मूरसाठी एवढे अश्रू गाळणाऱ्या मुलीचंही ‘कॉन्क्लेव्ह’ला. मेहुण्याचं ‘ड्यून’ला. ‘ड्यून’ बाद. मेहुण्याच्या चिठ्ठीवर दुसरं नाव ‘कॉन्क्लेव्ह’. तीन विरुद्ध दोन. आईने पापड मोडला आणि निकाल जाहीर केला.

मग चौकशीत बाहेर आलं, की मेहुण्याने दहापैकी अडीचच सिनेमे पाहिले होते. ‘ड्यून’, ‘कॉन्क्लेव्ह’ आणि मध्यंतरापर्यंत ‘द ब्रुटलिस्ट’. तरी यादी दहांची. मी आक्षेप घेतला, पण तोवर अकादमीच्या सभासदांवरही अंतिम फेरीत या विभागातलं सगळं पाहण्याची सक्ती नव्हतीच. एप्रिलमध्ये अकादमीने नियम बदलला. यापुढे ज्या विभागात मत द्यायचं, त्यातले सगळे नामांकित सिनेमे पाहिल्याशिवाय अंतिम मत देता येणार नाही. हे मी मेहुण्याला मुद्दाम फोन करून कळवलं. त्याने विचारलं, “तपासणार कोण?”

अकादमीच्या स्वतःच्या ऑनलाइन पडद्यावर पाहिलं तर तिथे नोंद राहते. बाहेर कुठे पाहिलं असेल, तर सभासदाने कुठे आणि केव्हा पाहिलं, ते स्वतःच एका अर्जात भरून द्यायचं.